युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा!

लग्न जमवताना गोत्र विचारतात, तसं आमच्या धंद्यात पूर्वी एडिटर विचारायचे. टीममध्ये नवा माणूस आला, नाव-गाव-आधीची कंपनी हे सोपस्कार झाले की पहिला खरा प्रश्न हाच. उत्तर 'व्हीआय' आलं तर एक टेबल खूष, 'इमॅक्स' आलं तर दुसरं. 'नोटपॅड' आलं तर दोन्ही टेबलं एकमेकांकडे बघायची आणि विषय बदलायची.

हल्ली हा प्रश्न मागे पडलाय. शुक्रवारी ऑफिसखालच्या टपरीवर आमची तरुण मंडळी बोलत होती त्यात एडिटर होता, पण तोंडी लावण्यापुरता. मुख्य चर्चा कुठलं एआय मॉडेल बरा कोड लिहितं, कुणाची महिन्याची मर्यादा किती दिवसांत संपते, कोण कुठलं सोडून कुठे गेलं. एका पोराने सहा महिन्यांत तीन एडिटर बदललेत, आणि तिसऱ्याबद्दलही त्याचं मत फारसं बरं नाही. मग कुणीतरी माझ्याकडे वळून विचारलं, "सर, तुम्ही काय वापरता?"

"व्हिम."

दोन सेकंद शांतता. मी ऑफिसला टांग्याने येतो असं सांगितल्यासारखी.

व्हिम सगळ्यांना ऐकून माहीत असतो, आणि तो मुख्यतः त्यातून बाहेर कसं पडायचं हे कळत नाही म्हणून. २०१२ साली स्टॅक ओव्हरफ्लोवर कुणीतरी हाच प्रश्न विचारला. २०१७ मध्ये तो दहा लाखांहून जास्त वेळा बघून झाला, तेव्हा त्या साईटनेच त्यावर एक लेख लिहिला. (उत्तर: एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. सुटलात!) हा विनोद आता चहाच्या मगांवर छापून छापून पार शिळा झालाय. पण त्या विनोदापलीकडे एक गोष्ट आहे, आणि ती एडिटरपेक्षा त्याच्यामागे बसलेल्या माणसाची जास्त आहे. या शनिवारी तीच सांगतो. 'व्हिम शिका, आयुष्य बदला' छापाचा हा लेख नाही, घाबरू नका.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय मजा नाही.

व्हीआय, म्हणजे व्हिमचा बाप, १९७६ च्या सुमारास बर्कलीला बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्याने लिहिला. हा पुढे सन मायक्रोसिस्टिम्सच्या संस्थापकांपैकी एक झाला. तो घरून ३०० बॉडच्या मोडेमवरून काम करायचा. ३०० बॉड म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. आता हिशोब करा: ८० बाय २४ चा पडदा म्हणजे १९२० अक्षरं, म्हणजे एक पडदा पूर्ण रंगवायला मिनिटाच्या वर चार सेकंद. तुम्ही एक ओळ खाली गेलात आणि पडदा पुन्हा रंगला, तर तेवढ्यात चहा ढवळून होईल. म्हणून असा एडिटर हवा होता, ज्यात कमीत कमी बटणं दाबून जास्तीत जास्त काम होईल. 'डीडी' दाबलं की ओळ गेली. 'डीडब्ल्यू' दाबलं की शब्द गेला. लिहायचा मोड वेगळा, हुकूम द्यायचा मोड वेगळा. आज ज्याला आपण 'केवढा विचित्र एडिटर' म्हणतो, तो विचित्रपणा म्हणजे काटकसर आहे. दुष्काळात वाढलेल्या आजीने आयुष्यभर तेलाचं बोट पुसून घ्यावं तशी.

आणि ते 'एच, जे, के, एल' वापरून फिरणं? त्यात काहीही गूढ तत्त्वज्ञान नाही. जॉयच्या टर्मिनलवर, एडीएम-३ए वर, बाणांची वेगळी बटणंच नव्हती. बाण या चार अक्षरांवर छापलेले होते. एस्केपचं बटण तिथे होतं जिथे आज आपला टॅब असतो, म्हणजे करंगळीच्या अंतरावर. पुढे कीबोर्ड बदलले, एस्केप वर कोपऱ्यात जाऊन बसलं, आणि आम्ही तेव्हापासून त्या कोपऱ्याकडे हात लांबवतोय. 'आमच्याकडे असंच करतात' या वाक्याचं आयुष्य सॉफ्टवेअरमध्येही बरंच मोठं असतं.

असो. आता माझ्याकडे येतो.

२००४ साली मी हिंजवडीत एका ओडीसीत होतो. नव्या मंडळींसाठी: ओडीसी म्हणजे ऑफशोअर डेव्हलपमेंट सेंटर, म्हणजे कंपनीच्या इमारतीतच काचेच्या दाराआडची एक खोली, जिथे क्लायंटचं राज्य चालायचं. मोबाईल बाहेर, पेनड्राईव्ह बाहेर, इंटरनेट बंद. समोर पुट्टीची काळी खिडकी आणि पलीकडे अमेरिकेतला सर्व्हर. नाईट शिफ्टला काम एकच, रात्रभर चालणाऱ्या जॉब्सवर लक्ष ठेवायचं. जॉब पडला तर उठवायचा. नाही पडला तर आपण पडायचं नाही.

वाचायला काही नाही. पुस्तक आत न्यायला बंदी, पेपरलाही बंदी. त्या लिनक्स सर्व्हरवर वाचण्यासारखी एकच गोष्ट होती, व्हिमचं मॅन्युअल. ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. एखाद्याने तुरुंगात ज्ञानेश्वरी वाचावी तसं. (तुलना जरा जास्त झाली. पण एसी १८ वर ठेवलेल्या त्या खोलीत पहाटे चार वाजता कमी वाटत नव्हती.)

फाईलचं नाव न देता नुसता व्हिम उघडला की पडद्याच्या मधोमध काही ओळी यायच्या. आवृत्ती, लेखकाचं नाव, हा मोफत वाटता येतो वगैरे. आणि त्यात एक ओळ: युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा! इंग्रजीत, उद्गारचिन्हासकट. बहुतेक लोक फाईलचं नाव देऊनच व्हिम उघडतात, त्यामुळे ही ओळ त्यांच्या नशिबी येतच नाही. ज्यांना दिसते त्यांना वाटतं व्हायरस शिरला. आमच्या शेजारच्या टीममधल्या मुलीने खरंच सिक्युरिटीवाल्यांना मेल टाकली होती. त्यांनी दोन दिवस तपासही केला म्हणे.

माझ्याकडे वेळच वेळ होता, म्हणून खाली दिलेली कमांड टाईप केली. आणि एका एडिटरच्या मदत-पानात मी पुढचं वाचलं.

किबाले नावाचं गाव, युगांडाच्या दक्षिणेला, टांझानियाच्या सरहद्दीजवळ. लोक बहुतेक शेतकरी. एड्सने त्या भागात थैमान घातलेलं, आईबाप गेलेली पोरं जिकडेतिकडे. तिथे मुलांचं एक केंद्र आहे, ते त्यांना खायला घालतं, औषधपाणी बघतं, शाळेत पाठवतं. व्हिमचा लेखक, ब्राम मोलेनार नावाचा डच माणूस, १९९४ मध्ये तिथे वर्षभर स्वयंसेवक म्हणून राहिला. केंद्राचं बांधकाम वाढवायला मदत केली, पिण्याचं पाणी आणि संडास यांचं काम केलं. परत आल्यावर त्याने हॉलंडमध्ये त्या केंद्रासाठी एक संस्था काढली, आणि व्हिमच्या परवान्यातच लिहून टाकलं: हा एडिटर हवा तेवढा वापरा, हवा तेवढा वाटा, जमलं तर त्या मुलांसाठी काहीतरी द्या. याला त्याने नाव दिलं होतं 'चॅरिटीवेअर'.

व्हिम जन्मला कसा तेही ऐका. ब्रामने एक अमिगा कॉम्प्युटर घेतला होता. त्याला सवय व्हीआयची, आणि अमिगावर व्हीआय नव्हता. मग 'स्टीव्ही' नावाचा एक नकली व्हीआय मिळाला, त्याचा कोड घेऊन १९८८ पासून तो आपल्यापुरत्या दुरुस्त्या करत बसला. १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये तो पहिल्यांदा जगापुढे आला, तो एका फ्लॉपीवरून. फ्रेड फिश नावाचा एक गृहस्थ अमिगाची फुकट सॉफ्टवेअरं गोळा करून फ्लॉप्यांवर वाटायचा, त्यातली ५९१ क्रमांकाची फ्लॉपी. सुरुवातीला 'व्हिम' म्हणजे 'व्हीआयची नक्कल'. पुढे नक्कल अस्सलाच्या पुढे गेली, मग त्याच आद्याक्षरांत 'सुधारित व्हीआय' बसवलं.

तर त्या रात्री तीनच्या सुमारास व्हेंडिंग मशीनपाशी मी हे सगळं तिघांना ऐकवलं. आमचा लीड, पक्का व्हीआयवाला. दुसरा इमॅक्सवाला, जो आमच्यात एकटाच होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. आणि तिसरा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला मित्र, ज्याला कुठलाच एडिटर आवडत नव्हता, कारण त्याला एकूण ही नोकरीच आवडत नव्हती.

इमॅक्सवाला लगेच म्हणाला, "बघ, आधी फुकट म्हणायचं आणि मग पावती फाडायची. गणपतीची वर्गणी झाली ही."

लीड म्हणाला, "अरे पण सक्ती कुठंय? नाही दिलीस तर तुझी ओळ डिलीट व्हायची थांबतेय का?"

माणवाला इतका वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पाण्याचं काम केलं म्हणतोस? मग एवढ्या लांब कशाला गेला तो? आमच्याकडं यायचं की. आमच्या गावात टँकर चालू आहे गेलं वर्षभर."

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. म्हणजे नेहमीचं उत्तर होतं, की ज्याला जिथे दुःख दिसतं तिथे तो हात लावतो, सगळ्या जगाची यादी करून कुणी निघत नाही वगैरे. लीडने ते दिलंही. पण ज्याची आई हंडा घेऊन टँकरमागे पळते त्याला हे पहाटे तीन वाजता ऐकवण्यात अर्थ नव्हता. माणवाल्याचा राग ब्रामवर नव्हता हे मला नंतर कळलं. त्याचा राग असा होता की तिकडचा एक माणूस आपलं फुकट हत्यार वापरून कुठल्यातरी गावातल्या पोरांसाठी जगभर हाळी देतो, आणि आपण ज्या गावचे त्या गावासाठी आपण काय करतो, तर महिन्याला एक मनीऑर्डर.

त्या रात्री एक जॉब पडला आणि विषय तिथेच राहिला.

२००६ च्या दिवाळीनंतर माणवाला सुट्टीवरून परत आला आणि त्याने एक फोटो दाखवला. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर काळी प्लॅस्टिकची पाण्याची टाकी, खाली चार नळ, आणि भिंतीवर ऑईलपेंटने: 'सौजन्य - व्हिम'. बोनसमधून केलं होतं. स्वतःचं नाव घालायला तो तयार नव्हता. गुरुजी म्हणाले, नाव तर पाहिजेच, नाहीतर लोक विचारतात. मग याने हे सांगितलं.

गुरुजींनी विचारलं म्हणे, "व्हिम म्हणजे ते भांडी घासायचं का?"

हा म्हणाला, "होय."

गावात आजही समजूत आहे की साबणाच्या कंपनीने टाकी दिली. मागे एकदा सरपंचांनी त्याला विचारलं होतं, त्या कंपनीत तुझी ओळख आहे तर मंदिराच्या सभामंडपाचं बघ की.

मी स्वतः २००७ साली, पहिलं क्रेडिट कार्ड मिळाल्यावर, ब्रामच्या संस्थेला थोडे युरो पाठवले. बँकेतून फोन आला की हा परदेशी व्यवहार तुम्हीच केलात का. मी हो म्हणालो. "कशासाठी सर?" म्हटलं, एडिटरसाठी. त्यांना वाटलं असावं मी वर्तमानपत्र काढतोय.

आता जरा इमॅक्सवाल्यांबद्दल, नाहीतर त्यांना वाटेल लेख एकतर्फी आहे (आहेच). आमची भांडणं काय व्हायची! इमॅक्सची मस्करी अशी की त्याचं नाव म्हणजे 'आठ मेगाबाईट आणि सतत धापा' याचं संक्षिप्त रूप. आठ मेगाबाईट हा एकेकाळी अवाढव्यपणाचा नमुना होता. आज ज्यात आपण गप्पा मारतो ती चॅटची खिडकी किती मेमरी खाते ते बघा आणि इमॅक्सची मनोमन माफी मागा. त्यांच्याकडून उलटी मस्करी यायची. रोमन आकड्यांत व्हीआय म्हणजे सहा, तीनदा लिहिलं की सहाशे सहासष्ट, म्हणजे सैतानाचा एडिटर. इमॅक्सचा जनक रिचर्ड स्टॉलमन तर व्याख्यानांत झगा घालून, डोक्यामागे जुन्या डिस्कची तबकडी लावून 'इमॅक्स पंथाचा संत' व्हायचा. आणि व्हीआय वापरणं पाप आहे का, असं विचारलं की सांगायचा, मुक्त परवान्यातला व्हीआय असेल तर पाप नाही, प्रायश्चित्त आहे.

हा पंथभेद खोटा होता असं मी म्हणणार नाही. हत्यार निवडताना माणूस आपण कसे आहोत हेही थोडंफार निवडतो. इमॅक्सवाल्याला घरातच सगळं हवं असतं, मेल, कॅलेंडर, सगळं. व्हिमवाला लहान खोलीत राहून बाकी कामांना शेजाऱ्यांकडे जातो. पण भांडण मिटलं ते कुणी जिंकल्यामुळे नाही. २०१५ मध्ये व्हीएस कोड आला आणि बघता बघता नव्या पिढीने दोन्ही तंबू सोडून तिकडे मुक्काम हलवला. त्या टीमचं नेतृत्व एरिक गॅमाकडे होतं. हा तोच, डिझाईन पॅटर्न्सच्या १९९४ च्या पुस्तकाच्या चार लेखकांपैकी एक, आणि आधी एक्लिप्समध्येही होता. म्हणजे आम्हाला ज्या एडिटरने म्हाताऱ्यांत काढलं तो काही पोरासोरांनी लिहिलेला नव्हता.

व्हीएस कोडने केलेली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागायची. दहा एडिटर, वीस भाषा, म्हणजे दोनशे वेळा तेच काम. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडएनव्ही यांच्याबरोबर 'लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल' खुला केला. भाषेची अक्कल एका वेगळ्या प्रोग्राममध्ये ठेवायची, आणि कुठल्याही एडिटरने ठराविक पद्धतीने त्याला विचारायचं: या फंक्शनची व्याख्या कुठंय, इथे चूक आहे का. दोनशेचं काम तिसावर आलं. त्यामुळे आमच्यासारख्या लहान खोलीतल्या लोकांनाही महालातल्या सोयी मिळाल्या. मी आज व्हिममध्ये टिकून आहे त्याचं बरंच श्रेय व्हिम संपवायला आलेल्या एडिटरला जातं. हे इमॅक्सवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्याकडे पण तेच." तो आता टेक्सासमध्ये असतो. एका गोष्टीवर आमचं एकमत झालं ते वीस वर्षांत पहिल्यांदा.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ब्राम गेला. तीन तारखेला. वय ६२. पाच तारखेला त्याच्या घरच्यांनी व्हिमच्या मेलिंग लिस्टवर पत्र टाकलं, की एका आजाराने गेल्या काही आठवड्यांत झपाट्याने जोर धरला होता. मी ते पत्र शनिवारी रात्री वाचलं. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "एक ओळखीचे गेले." "ऑफिसमधले?" आता काय सांगणार. मी या माणसाला कधी भेटलो नाही, कधी मेल केली नाही. पण रोज सकाळी माझी बोटं जी हालचाल करतात त्यातली निम्मी त्याने ठरवलेली होती. माझ्या हाताला त्याचं वळण आहे. शाळेतल्या बाईंचं अक्षराला असतं तसं.

ओळखीचं म्हणायला नात्याचं दुसरं नाव सुचलं नाही.

बत्तीस वर्षं. १९९१ पासून २०२३ पर्यंत जवळजवळ प्रत्येक दुरुस्ती त्याच्या हाताखालून गेली. २००६ ते २०२१ तो गूगलमध्ये नोकरीला होता, तरी हे चालूच. यालाच आमच्या भाषेत 'बस फॅक्टर' एक असणं म्हणतात: किती माणसं बसखाली आली की प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. लोकांना हे डाचत होतंच. २०१४ साली एका ब्राझिलियन प्रोग्रामरने व्हिममध्ये मोठा बदल सुचवला, ब्रामने तो घेतला नाही, तेव्हा तो वेगळा झाला आणि निओव्हिम उभा राहिला. तेव्हा मला तो जरा आगाऊपणा वाटला होता. पण पुढे निओव्हिमच्या धाकानेही म्हातारा व्हिम तरतरीत झाला, आणि ब्राम गेल्यावर निओव्हिमच्या मंडळींनीही त्याला मनापासून निरोप दिला. भावकीत वेगळं राहणारे लोक तेराव्याला आधी येतात, तसे.

व्हिम बंद पडला नाही. ख्रिश्चन ब्राबांड्ट आणि बरीच वर्षं हातभार लावणारे इतर काही जण पुढे आले. २ जानेवारी २०२४ ला ९.१ आवृत्ती आली, ती ब्रामला अर्पण केलेली. पण त्याच वर्षी मार्चमध्ये 'एक्सझेड' चं प्रकरण झालं. फाईली दाबून लहान करणारी एक साधी लायब्ररी, जगभरच्या लिनक्स सर्व्हरांवर असलेली, सांभाळणारा माणूस एकटा आणि थकलेला. 'मदत करतो' म्हणून कुणीतरी दोन-अडीच वर्षं त्याचा विश्वास कमावला आणि चोरवाट घुसवली. पकडली गेली ती आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला लॉगिन अर्धा सेकंद हळू होतंय असं वाटलं म्हणून. अर्धा सेकंद! त्या जागी मी असतो तर चहा आणायला गेलो असतो.

टपरीवरच्या चर्चेत मला हेच कमी जाणवतं. एआयचा मी शत्रू नाही, बरं का. मीही वापरतो, रोज वापरतो. मजा अशी की २०२५ मध्ये हे एआयवाले एजंट टर्मिनलमध्ये येऊन बसले, आणि ज्या पोरांनी काळी खिडकी कधी उघडली नव्हती ती आता दिवसभर तिथेच असतात. एक पोरगा म्हणाला, "सर, मी महिनाभर एडिटर उघडलाच नाहीये." चांगलंय. पण कुठलं हत्यार वेगवान, कुठलं स्वस्त, यावर आम्ही तासभर बोलतो, आणि हे कोण बनवतं, तो कशावर जगतो, उद्या तो नसला तर काय, हे कुणी विचारत नाही. भाड्याच्या हत्याराचं ठीक आहे, तिथे कार्ड चालू आहे तोवर तुमचा-त्यांचा हिशोब फिटलेला. फुकट हत्याराचा हिशोब कधीच फिटत नाही, आणि ही भाड्याची हत्यारंसुद्धा शेवटी शिकली ती उघड्यावर पडलेल्या कोडवर. त्यात ब्रामचा सी कोडही असावा. त्या मॉडेलला युगांडाची ओळ दिसली असेल का, असा एक वेडगळ विचार माझ्या मनात येऊन गेला.

तर गेल्या महिन्यात मी ऑफिसमध्ये एक उद्योग केला. पुढच्या वर्षाच्या टूल्सच्या बजेटचा फॉर्म भरायचा होता. एआयची लायसन्सेस, माणशी इतके डॉलर, दरमहा. रक्कम बघून माझे डोळे फिरले, पण ती दोन दिवसांत मंजूर झाली. मग मी खाली आणखी एक ओळ घातली. आम्ही रोज वापरतो ती चार फुकट साधनं, आणि ती सांभाळणाऱ्यांना वर्षाला थोडी रक्कम. किती? तर वरच्या आकड्याच्या एक टक्का. पहिलं नाव अर्थातच व्हिम.

दुसऱ्या दिवशी फायनान्सच्या मॅडमचा फोन.

"सर, याचं इनव्हॉइस कुठंय?"

"इनव्हॉइस नाहीये. ते मोफत आहे."

"मग पैसे कशाचे?"

"मोफत आहे म्हणूनच."

पलीकडे थोडा वेळ की-बोर्डचा आवाज. "व्हेंडर कोड लागेल सर. आणि मोफत असेल तर तीन कोटेशन्स कशी घेणार?" मी म्हटलं, तिन्ही कोटेशन्स शून्याचीच येतील. त्या हसल्या. वाईट बाई नाहीत, त्यांच्याही वर ऑडिटर असतो. मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली, युगांडा, टाकी, ब्राम. वीस मिनिटं ऐकून घेतलं त्यांनी, मार्चअखेरीच्या गर्दीत. मग म्हणाल्या, "बघते मी. देणगी म्हणून गेलं तर बोर्डाकडे जाईल आणि अडकेल. दुसऱ्या कुठल्या हेडखाली बसतंय का बघू."

काल संध्याकाळी मेल आली. तीन साधनांबद्दल अजून विचारणा चालू आहे, पण एक ओळ सिस्टिमने घेतली आहे. कुणीतरी खाली नाव वाचून ती आपणहून वर्गीकृत केली असावी. व्हिम, वार्षिक, हाऊसकीपिंग.

सोमवारी मॅडमना फोन करून हे दुरुस्त करायला सांगायचं की नाही, यावर मी अजून विचार करतोय. माणवाल्याला मेसेज टाकलाय. त्याचं म्हणणं, अजिबात सांगू नको.